प्लेटला लाल दिसत होतं का?

मागच्या वर्षी दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाईडना दिला, तेव्हा त्यात एक वाक्य होतं. मनातल्या मनात मला त्याचा फार अभिमान होता. वाक्य असं: ‘गडद रंगाची साडी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि कोरं कपाळ यांवरून ही स्त्री विधवा असल्याचे दिसते, तरीही कुटुंबाने तिला स्टुडिओत नेऊन तिचे छायाचित्र काढून घेतले, ही बाब लक्षणीय आहे.’ पुढची चार पानं मी या एका वाक्यावर उभी केली होती. सुधारणेचे वारे, घरातलं विधवेचं स्थान, वगैरे वगैरे.

मसुदा परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं: ‘प्लेटला लाल दिसत होतं का?’

आधी मला प्रश्नच कळला नाही. आज त्याबद्दलच लिहिते आहे, कारण संशोधनाला नुकतीच सुरुवात करणारे तुमच्यातले बरेच जण जुने फोटो ‘पुरावा’ म्हणून वापरणार आहात. जुना फोटो म्हणजे माणूस कसा दिसत होता याची नोंद, असं आपण धरून चालतो. खरं तर माणूस नटूनथटून, घाबरून, फोटोग्राफरचं ऐकून कॅमेऱ्यासमोर बसला आणि त्यातलं जेवढं काचेवर उमटू शकलं तेवढं उमटलं, अशी ती वस्तू आहे. मध्ये बरंच काही गळतं. काय गळतं हे माहीत नसेल तर माझ्यासारखी फजिती होते.

थोडं तंत्राचं बोलू. मुंबईत फोटोग्राफी लवकर रुजली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, त्यांचे भाऊ नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तर मुंबईतले सुरुवातीचे भारतीय फोटोग्राफर. त्या काळी वापरात आली ती कोलोडियनची ओली प्लेट. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ती पद्धत 1851 मध्ये जाहीर केली. काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायचा. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सनं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची वाट दाखवली आणि पुढच्या दशकात त्या तयार मिळू लागल्या.

पण ओली असो की कोरडी, या प्लेटा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. पिवळा त्यांना फारच कमी दिसायचा आणि लाल जवळजवळ नाहीच. म्हणजे निळं वस्त्र फोटोत फिकं, पांढुरकं यायचं आणि लाल, केशरी, पिवळं काळपट. हेर्मान फोगेलनं 1873 मध्ये प्लेटच्या रसायनात रंग मिसळून ती हिरव्या-पिवळ्यालाही जागी करता येते हे दाखवलं, त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. पण लाल त्यांनाही दिसत नव्हतं. त्यासाठी पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात येईपर्यंत, म्हणजे विसावं शतक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. (म्हणूनच तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालायचा. मी हे शाळेत पाठ केलं होतं, पण त्याचा साडीशी संबंध कधी जोडला नाही.)

आता हे मराठी घरात आणून बघा. नवरीचा लाल शालू फोटोत काळपट. संक्रांतीची काळी चंद्रकळा काळीच. आणि केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचं आलवण, तेही लालच, म्हणजे तेही काळपट! आयुष्याची दोन टोकं, सगळ्यात मंगल वस्त्र आणि सगळ्यात अमंगल मानलेलं वस्त्र, काचेवर एका रंगात येतात. कुंकवाचं तसंच. गव्हाळ-सावळी त्वचा या प्लेटवर डोळ्याला दिसते त्याहून गडद येते. त्यावर कुंकू लाल, म्हणजे तेही गडद. गडदावर गडद हरवून जातं. डोक्यावरच्या पदराची सावली कपाळावर पडली असेल तर विचारूच नका. ‘कोरं कपाळ’ हा माझा पुरावा अशा रीतीनं निकालात निघाला.

एक मात्र नीट समजून घ्या. यावरून ती बाई विधवा नव्हती असं सिद्ध होत नाही. फोटो त्या बाबतीत मुका आहे, एवढंच कळतं. मी त्याच्या तोंडी माझं वाक्य घातलं होतं.

फोटोग्राफरना हे सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाईक पैसे मोजून आलंय, तो आरसा मागायला आलेला नाही, ‘चांगला’ फोटो मागायला आलाय. तेव्हा उपाय निघाले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की तेवढा भाग छापताना उजळ येतो. सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशी पुसली जायची. सोनं पिवळं, म्हणून फोटोत मरगळलेलं दिसायचं. मग छापलेल्या फोटोवर दागिन्यांना सोनेरी रंग लावायचा. आपल्याकडच्या हातानं रंगवलेल्या जुन्या फोटोंत टिकली, काठ, नथ मुद्दाम रंगवलेली दिसते, त्यामागे हौस होतीच, पण काचेनं खाल्लेलं परत मिळवणंही होतं.

ओल्या प्लेटच्या काळात काही सेकंद तरी न हलता बसायला लागायचं. त्यासाठी मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या उभ्या फोटोत माणसाच्या पायामागे नीट बघा, कधी कधी त्या स्टँडचं बूड डोकावतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं: एवढा रुबाबदार फेटा, हातात काठी, आणि मागून लोखंडी खुंटीनं धरलेला गडी.

खुर्ची, गोल टेबल, फुलदाणी, हातातलं जाड पुस्तक, मागचा कमानीचा पडदा हे सगळं बहुतेक वेळा स्टुडिओचं. माझ्या संग्रहात दोन वेगळ्या घरांतून मिळालेल्या फोटोंत तीच कोरीव खुर्ची आहे, डाव्या हातावर तोच टवका. एका घरानं ‘ही आमच्या वाड्यातली खुर्ची’ असं सांगितलं होतं. मी त्यांना काही बोलले नाही.

पुस्तकातले फोटो तर आणखी सांभाळून वापरा. विल्यम जॉन्सननं मुंबईतल्या लोकांचे फोटो दोन खंडांत छापले, 1863 आणि 1866 मध्ये. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यात माणसं देवळासमोर, रस्त्यावर उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे फोटो वेगळे काढून ते दुसऱ्याच दृश्यावर जोडलेले आहेत. त्या पार्श्वभूमीवरून ‘त्या काळची वस्ती’ असा मजकूर लिहिलेला प्रबंध माझ्या वाचनात आहे.

हसण्याबद्दल एक प्रश्न हमखास येतो: जुन्या फोटोत कुणी हसत का नाही? ‘तेव्हा फार वेळ बसावं लागायचं म्हणून’ हे ठरलेलं उत्तर अर्धंच खरं आहे. कोरड्या प्लेटांनी वेळ खूप कमी झाला, तरी 1900 नंतरही चेहरे तसेच गंभीर आहेत. मला वाटतं आपल्याकडे तरी उत्तर भाषेतच सापडतं. आपण ‘दात काढू नकोस’ म्हणतो ते दटावताना. चारचौघांत दात दाखवणं हा पोरकटपणा. आयुष्यात एकदाच फोटो निघणार, तो नातवंडं भिंतीवर लावणार, त्यात माणूस दात कशाला काढेल? गंभीर चेहरा हाच त्यांचा ठेवणीतला चेहरा. यावरून ‘त्या काळची दांपत्यं दुःखी होती’ असं अनुमान कृपा करून काढू नका. मी एका परिसंवादात ते ऐकलेलं आहे.

आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला एक फोटो घेऊ. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी: साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तारीख 10 ऑक्टोबर 1885, प्रसंग डीनकडच्या स्वागतसमारंभाचा. हा फोटो ‘पहिल्या तीन डॉक्टर’ म्हणून फिरत असतो, कारण खाली नावांआधी ‘डॉ.’ लिहिलेलं आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च 1886 मध्ये, ओकामींना 1889 मध्ये, इस्लामबूलींना 1890 मध्ये. फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी कुणीही डॉक्टर नव्हतं! म्हणजे ओळ मागाहून कुणीतरी लिहिली आहे. त्याच ओळीत ‘सेरामपूर’चं स्पेलिंग भलतंच झालंय आणि साबातचं ‘टाबात’ झालंय. लिहिणाऱ्याला या तिघींची फारशी ओळख नसावी, असा माझा तर्क आहे. फोटो आणि त्याखालची ओळ या दोन वेगळ्या वेळच्या, वेगळ्या हातांच्या गोष्टी आहेत. दोन्हींची तारीख वेगळी लावायची.

तिघींचा पेहरावही बघा. परदेशी पाहुण्यांनी आपापल्या देशाच्या वेशात यावं ही अमेरिकन यजमानांची हौस इथे असणार. पण आनंदीबाई तिथे रोजही साडीच नेसत होत्या. थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं नेसायला सुरुवात केली होती. बघणाऱ्यांना जो ‘भारताचा वेश’ वाटला असेल, तो त्यांच्यापुरता आधीच थंडीशी केलेला एक समझोता होता. कॅमेऱ्यासमोर सगळ्यात चांगलं दिसायचं, पण कुणाच्या नजरेला चांगलं, हा प्रश्न या फोटोत तीनदा विचारता येतो. तिन्ही उत्तरं मला माहीत आहेत असं मी आता म्हणणार नाही.

परत माझ्या फोटोकडे. तो वाईजवळच्या एका घरातला, 1890 च्या आसपासचा. ज्या आजींनी तो दाखवला, त्यांच्या त्या आजेसासूबाई. पहिल्या भेटीत मी उत्साहानं म्हणाले होते, “या विधवा होत्या ना?” आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “असेल बाई. तू शिकलेली.” मी ते होकार म्हणून वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे माझ्याकडे, ‘कुटुंबीयांकडून दुजोरा’ असं त्यात स्वच्छ अक्षरात आहे.

गाईडच्या पेन्सिलनंतर पुन्हा गेले. या वेळी भिंग घेऊन बसले. हात पदराखाली होते, त्यामुळे बांगड्यांचं काही कळेना. पण पदरावर उभ्याआडव्या पुसट रेघा होत्या, चौकटी चौकटींच्या. कापड विटलंय असं मी आधी समजले होते. त्या घडीच्या खुणा होत्या. ही साडी बरेच दिवस घडी घालून ट्रंकेत ठेवलेली होती आणि त्या दिवसासाठी काढली होती. रोज अंगावर असलेल्या आलवणाला अशा घड्या कशाला राहतील? शिवाय काठावर दोनतीन जागी बारीक चकाकी होती. जर असावी. आलवणाला जर नसते.

मग या खेपेला मी काही न सांगता विचारलं, “यांच्याबद्दल घरात काय बोलतात?”

आजी म्हणाल्या, “प्लेगात गेल्या त्या. मामंजी तेव्हा लहान होते. दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला त्यांच्या नावानं सवाष्ण जेवते आमच्याकडे. अजून.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी ती नवमी. शंभराहून जास्त वर्षं या घरात दर भाद्रपदात एक पान वाढलं जात होतं, आणि मी कपाळाच्या डागावरून त्या बाईला विधवा करून मोकळी झाले होते.

मी विचारलं, “मग आजी, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस.”

त्या चार पानांपैकी साडेतीन गेली. उरलेल्या अर्ध्या पानात घडीच्या खुणा आहेत, नवमी आहे आणि एक वाक्य आहे: ‘साडीचा रंग या छायाचित्रावरून ठरवता येत नाही.’ आजींना हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “लाल शालू असणार. आत्याबाईंनी सांगितलेलं मला आठवतंय.” तेही मी लिहिलंय, ‘कौटुंबिक आठवण’ म्हणून, तारखेसकट.