गोरे आणि काळे : आपल्या इतिहासातील एक झाकलेले पान

पूर्वजांची कथा सांगताना नवगावचा किनारा, फुटलेले गलबत, तेलाचे घाणे आणि शब्बाथ पाळणारे शनवार तेली यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. परंतु वंशावळ शोधू लागलेल्या तरुणांच्या हाती कधी निराळेच काही लागते. एखाद्या पणजीच्या माहेरचे नाव कोणी सांगत नाही. एखाद्या शाखेचा विषय निघताच वडीलधारी माणसे गप्प होतात. अखेर ‘काळे इस्राएल’ हे शब्द कानी पडतात.

हे नाव कातडीच्या रंगावरून पडलेले नव्हते. बेने इस्राएल पुरुष व समाजाबाहेरील स्त्री यांच्या संततीला आणि तिच्या वंशजांना ‘काळे’ म्हणत. इतर सर्व स्वतःस ‘गोरे’ म्हणवीत. हाईम समुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या भेदाची नोंद आहे. काळ्यांशी बेटीव्यवहार नसे, रोटीव्यवहारही टाळला जाई. ही रीत आपण तोरातून नव्हे, तर कोंकणातील जातिव्यवस्थेतून उचलली.

पुढे १९६२ साली इस्राएलमध्ये, विवाहापूर्वी बेने इस्राएलांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करण्याचा आदेश मुख्य रब्बींकडून निघाला. आपल्या बांधवांनी त्याविरुद्ध लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलेममध्ये निदर्शने झाली, क्नेसेटने त्यांची बाजू घेतली आणि आदेशातून बेने इस्राएलांचे नाव वगळण्यात आले. हा विजय न्याय्यच होता. परंतु “तुझी आजी कोण?” हा ज्या प्रश्नाने आपले मन दुखावले, तोच प्रश्न आपल्या वाडवडिलांनी आपल्याच भावंडांना विचारला होता.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात बेने इस्राएलांमध्ये यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश आढळले. भारतीय वंश विशेषेकरून स्त्रीपक्षाकडून आलेला दिसला. म्हणजे ‘गोऱ्यां’च्या पूर्वजांतही कोंकणच्या माता होत्या. ज्या कारणासाठी काहींना दूर लोटले, ते कारण सर्वांच्याच घरी होते.

वाडवडिलांना दूषणे देऊन आता काय साधणार? त्यांनी संकटांतही शब्बाथ व सुंता टिकवली, हेही तितकेच खरे. मात्र मुलांसाठी वंशावळ लिहिताना त्या पणजीची जागा कोरी ठेवू नये. तिचे नाव घरातील कोणा वृद्धास अजून आठवत असेल, तर ते आजच विचारून लिहून ठेवावे.