द इंग्लिशमन्स कॅमिओ

द इंग्लिशमन्स कॅमिओ ही मधुलिका लिडल यांनी लिहिलेली ऐतिहासिक रहस्यकादंबरी आहे. मूळ इंग्रजी भाषेतील ही कादंबरी २००९ साली हॅशेट इंडिया या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. इ.स. १६५६ मधील मुघल राजधानी शाहजहानाबाद (सध्याची जुनी दिल्ली) येथे तिचे कथानक घडते. मुझफ्फर जंग हा तरुण मुघल उमराव तिचा नायक असून तोच खुनाचा छडा लावतो. कॅमिओ म्हणजे रत्नावर किंवा शिंपल्यावर उठावात कोरलेली प्रतिमा. खुद्द शाहजहानची मुद्रा कोरलेला त्या काळातील एक कॅमिओ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

लेखिका

लिडल यांचा जन्म १९७३ साली आसाममधील हाफलाँग येथे झाला. पूर्णवेळ लेखनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी हॉटेल व्यवसाय आणि जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. २००३ साली त्यांच्या ‘अ मॉर्निंग स्विम’ या कथेला राष्ट्रकुल लघुकथा स्पर्धेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दिल्लीच्या इतिहासाच्या अभ्यासक स्वप्ना लिडल या त्यांच्या भगिनी होत. मुझफ्फर जंग हे पात्र कादंबरीच्या आधी ‘मर्क ऑफ आर्ट’ या लघुकथेतून वाचकांसमोर आले होते.

कथानक

मिर्झा मुराद बेग याचा छातीत वार झालेला मृतदेह किल्ल्यातील पाण्याच्या पाटात सापडतो. त्या वेळी तेथे हजर असलेला एकमेव माणूस म्हणजे जवाहिऱ्याच्या हाताखाली काम करणारा फैसल. तो गरीब आहे, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही आणि प्रेताजवळ सापडणे एवढेच त्याला गुन्हेगार ठरवण्यास पुरेसे मानले जाते. फैसल हा मुझफ्फरचा मित्र. त्याला सोडवण्यासाठी मुझफ्फर स्वतःच चौकशीला लागतो. मृत्यूच्या काही वेळ आधी मुराद बेग मेहताब बानू या विख्यात गणिकेच्या हवेलीतून बाहेर पडला होता, हे समजल्यावर तपास किल्ल्याच्या भिंतींबाहेर शहरात पसरतो.

शहराचा कोतवाल फरीद खान हा मुझफ्फरच्या थोरल्या बहिणीचा, झीनत बेगमचा पती आहे. त्यामुळे मित्राला वाचवण्याच्या खटपटीला घरगुती नात्याचाही पेच पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शाहजहानाबादची पायाभरणी १६३९ साली झाली आणि १६४८ मध्ये किल्ला बांधून पूर्ण झाला. म्हणजे कादंबरीच्या काळात हे शहर अगदी नवे होते. जामा मशिदीचे काम तर १६५६ मध्येच पूर्णत्वास गेले. बादशहाची कन्या जहाँआरा हिने वसवलेला चौक, त्यातून वाहणारा कालवा आणि धनिक व्यापाऱ्यांसाठी तिने बांधलेली सराई ही त्या शहराची ओळख होती. फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा बर्निये याने या सराईची प्रशंसा केली आहे. त्याचबरोबर उमरावांच्या वाड्यांना खेटून माती-गवताची असंख्य घरे होती, हेही नोंदवले आहे. मुझफ्फर आणि फैसल यांच्यातील अंतर समजण्यासाठी हे चित्र उपयोगी पडते.

कोतवालाच्या अधिकारांचे वर्णन अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत आढळते. घरांची व रहिवाशांची नोंद, मोहल्ल्यांतील खबरे, रात्रीची गस्त, बाजारातील वजनमापे अशी अनेक कामे त्याच्याकडे असत. एवढा पसारा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला हाती लागलेला संशयित सोयीचा वाटावा, हे कादंबरीतील गृहीत त्यामुळे अविश्वसनीय वाटत नाही.

नायकाला आवडणारी कॉफी काहींना कालविपर्यास वाटू शकेल. प्रत्यक्षात जहांगीरच्या काळात भारतात आलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज धर्मोपदेशकाने येथील लोक कॉफी पीत असल्याचे लिहून ठेवले आहे.

कथेचे साल विचारपूर्वक निवडलेले दिसते. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि त्याच्या मुलांमध्ये वारसायुद्ध पेटले. मे १६५८ मधील सामूगढच्या लढाईनंतर सत्ता औरंगजेबाकडे गेली. १६५६ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता (त्याच वर्षाच्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली). पात्रांना स्थिर वाटणारी ही व्यवस्था दोन वर्षांत कोसळणार आहे, हे वाचकाला ठाऊक असते.

उमराव शोधक

सरदार घराण्यातील शोधक ही रहस्यकथेतील जुनी परंपरा आहे. डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्सी १९२३ साली अवतरला. मात्र विम्सीच्या कथा लेखिकेच्या समकालीन इंग्लंडमध्ये घडतात, तर लिडल यांना साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शहर उभे करावे लागले. शिवाय मुघल उमरावाचे मोठेपण वंशपरंपरागत मालकीवर नव्हे, तर बादशहाने दिलेल्या मनसबीवर उभे असे. उमरावाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेवर सरकार हक्क सांगू शकत असे. अशा समाजात दरबाराच्या मर्जीविरुद्ध प्रश्न विचारणे हा रिकामटेकड्या श्रीमंताचा छंद उरत नाही.

मुझफ्फरच्या दर्जामुळे त्याला हवेल्यांचे दरवाजे उघडतात; कनिष्ठ वर्गातील मैत्रीमुळे दरबारी मंडळींच्या कानावर न येणाऱ्या गोष्टी त्याला कळतात. कथानकाची गती या दुहेरी वावरावर अवलंबून आहे. त्याची समतेची वृत्ती सतराव्या शतकातील सरदारापेक्षा आजच्या वाचकाला अधिक जवळची आहे, हे मात्र मान्य करावे लागते. ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांत ही सवलत बहुतेक लेखक घेतात. येथे तिच्याशिवाय फैसलची बाजू घ्यायला कोणी उरलेच नसते.

मालिकेतील पुढील पुस्तके

‘द एट्थ गेस्ट अँड अदर मुझफ्फर जंग मिस्टरीज’ (२०११) हा दहा कथांचा संग्रह आहे. ‘एन्ग्रेव्ह्ड इन स्टोन’ (२०१२) ही कादंबरी आग्र्यात घडते. तेथील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या खुनाचा तपास मुझफ्फरकडे दिवाण मीर जुमला सोपवतो. मीर जुमला ही ऐतिहासिक व्यक्ती असून गोवळकोंड्याची चाकरी सोडून तो १६५६ मध्ये मुघलांकडे आला होता. ‘क्रिमसन सिटी’ (२०१५) मध्ये कथा पुन्हा दिल्लीत येते. त्या वेळी, १६५७ मध्ये, मुघल फौजांनी दख्खनमध्ये बिदरला वेढा घातलेला आहे.