फोकवेज रेकॉर्ड्स : एकही आवाज बाद न करणारी कंपनी

गाण्याची कंपनी म्हटले की आपल्यासमोर मोठे बॅनर, गाजलेले गायक आणि लाखोंचा खप येतो. परंतु न्यूयॉर्क शहरात एका छोट्या कार्यालयातून जवळपास चार दशके चाललेली एक स्वतंत्र कंपनी होती, जिने खपाचा हिशेब बाजूला ठेवून काम केले. तिचे नाव फोकवेज रेकॉर्ड्स. काळ्या मजुरांची गाणी, तुरुंगातून आलेल्या गायकाचा आवाज, नागरी हक्क चळवळीतील समूहगीते, लहान मुलांचे खेळ आणि अगदी बेडकांचे डरावणेसुद्धा या कंपनीने ध्वनिमुद्रित करून विकायला ठेवले. वंचित समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात रस असलेल्या वाचकांसाठी आम्ही या संस्थेची थोडक्यात ओळख करून देत आहोत.

संस्थापक आणि सुरुवात

फोकवेजचे संस्थापक मोझेस ॲश यांचा जन्म 1905 मध्ये वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील शोलेम ॲश हे यिडिश भाषेतील नामवंत लेखक होते. कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. मोझेस यांनी जर्मनीत रेडिओ तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये रेडिओ व ध्वनियंत्रणेचा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच ते ध्वनिमुद्रणाकडे वळले.

1940 च्या दशकात त्यांनी आधी ॲश रेकॉर्ड्स आणि नंतर डिस्क रेकॉर्ड्स या कंपन्या काढल्या. दुसरी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या अपयशानंतर 1948 मध्ये त्यांनी आपल्या सहकारी मारियन डिस्टलर यांच्यासोबत फोकवेजची स्थापना केली. मोठा खप होणाऱ्या एखाद्या रेकॉर्डवर सगळे पैसे लावायचे नाहीत, हा धडा ॲश यांनी दिवाळखोरीतून घेतला होता.

व्यवहार कसा चालत असे

फोकवेज रेकॉर्ड तयारही करत असे आणि वितरितही करत असे. एका वेळी काही शे प्रतीच काढल्या जात. मागणी आली की पुन्हा थोड्या काढायच्या. त्यामुळे पैसा माल साठवण्यात अडकत नसे. रेकॉर्डच्या दुकानांइतकाच भर ग्रंथालये, शाळा आणि विद्यापीठांवर असे. हे ग्राहक संख्येने थोडे, पण कायमचे होते.

प्रत्येक रेकॉर्डसोबत एक माहितीपुस्तिका दिली जाई. गाणे कोणाचे, कोठले, कोणत्या प्रसंगी गायले जाते, शब्द काय आहेत, ही सारी माहिती त्यात असे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला या पुस्तिका म्हणजे संदर्भग्रंथच वाटतील.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, एकदा काढलेली रेकॉर्ड कधीही बाद करायची नाही. वर्षाला चार प्रती खपल्या तरी ती यादीत राहणार. शब्दकोशातले एखादे अक्षर कमी वापरले जाते म्हणून आपण ते काढून टाकत नाही, असा ॲश यांचा युक्तिवाद होता. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा फोकवेजच्या यादीत 2,168 अल्बम होते. म्हणजे 38 वर्षे सरासरी आठवड्याला एकाहून अधिक.

कोणाचे आवाज जपले गेले

लेड बेली या नावाने ओळखले जाणारे काळे गायक तुरुंगवास भोगून आले होते. मोठ्या कंपन्यांना त्यांच्यात फारसा रस नव्हता. ॲश यांनी 1940 च्या दशकात त्यांचे विपुल ध्वनिमुद्रण केले. 1949 मध्ये लेड बेली वारले; त्यांची अखेरच्या काळातील गाणी फोकवेजमुळे टिकली. कष्टकऱ्यांचे गायक वुडी गथ्री यांची शेकडो गाणीही ॲश यांच्याच स्टुडिओत मुद्रित झाली.

एलिझाबेथ कॉटन यांची कथा अधिक बोलकी आहे. त्या एका गोऱ्या संगीतप्रेमी कुटुंबात घरकाम करत. लहानपणी शिकलेली गिटार त्यांनी अनेक वर्षे हातात घेतली नव्हती. घरातल्या मंडळींना त्यांचे वादन ऐकू आले आणि 1958 मध्ये फोकवेजने त्यांचा पहिला अल्बम काढला. तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. त्यांनी किशोरवयात रचलेले एक गाणे त्याआधीच इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर गाजले होते. घरकामगार स्त्रीची निर्मिती दुसऱ्याच्या नावावर जाणे किती सोपे असते, याचे हे उदाहरण आहे.

1952 मध्ये फोकवेजने हॅरी स्मिथ यांनी संकलित केलेला 84 गाण्यांचा संच प्रकाशित केला. मूळ गाणी 1927 ते 1932 या काळातील होती. त्या काळात कंपन्या काळ्यांच्या आणि गोऱ्या ग्रामीण गायकांच्या रेकॉर्ड वेगवेगळ्या याद्यांमध्ये विकत. स्मिथ यांनी ही विभागणी मोडली. कोणता गायक काळा, कोणता गोरा, हे त्यांनी सांगितलेच नाही. ऐकणाऱ्यांनी आधी वंश पाहायचा आणि मग गाणे ऐकायचे, ही सवय या संचाने चालू दिली नाही. पुढच्या पिढीतील बॉब डिलन यांच्यासारख्या गायकांवर त्याचा खोल परिणाम झाला.

नागरी हक्क चळवळीचे आवाजही येथे आहेत. 1960 मध्ये नॅशव्हिलच्या धरणे आंदोलनावर आणि 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सच्या गाण्यांवर अल्बम निघाले. या दुसऱ्या अल्बमच्या शीर्षकगीताचे हिंदी रूप आपल्या शाळांतून आणि मोर्चांतून आजही म्हटले जाते.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक दुवा आहे. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या जनतेने केलेल्या अर्जाची विचारणा केली होती, त्याच डु बॉइस यांची आत्मकथनपर मुलाखत ॲश यांनी मुद्रित केली आणि 1961 मध्ये ती फोकवेजने प्रकाशित केली. त्या विचारवंताचा प्रत्यक्ष आवाज आज ऐकता येतो तो यामुळे.

उणिवा

फोकवेजचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकू नये. ॲश कलाकारांना बहुधा थोडी रक्कम आगाऊ देत. रॉयल्टी वेळेवर मिळत नाही, हिशेब नीट मिळत नाही, अशा तक्रारी अनेकांनी केल्या. हॅरी स्मिथ यांच्या संचातील जुन्या रेकॉर्डचे हक्कही सुरुवातीला रीतसर घेतलेले नव्हते. ज्या कंपनीने गरीब कलाकारांचा आवाज जगवला, तिने त्यांचे घर चालेल इतका मोबदला दिलाच असे नाही. आवाज जपणे आणि मोबदला देणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. एक पार पाडली म्हणून दुसरी माफ होत नाही.

पुढे काय झाले

ॲश यांच्या निधनानंतर 1987 मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने हा संग्रह घेतला. कुटुंबाची अट एकच होती : सगळेच्या सगळे अल्बम कायम उपलब्ध राहिले पाहिजेत. 1988 मध्ये डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आदींनी लेड बेली आणि गथ्री यांची गाणी गाऊन एक अल्बम काढला. त्याच्या उत्पन्नाची खरेदीला मदत झाली. आज स्मिथसोनियन फोकवेज ना-नफा तत्त्वावर चालते. जुनी रेकॉर्ड मागणीनुसार सीडीवर काढून दिली जाते, ऑनलाइन ऐकता येते आणि माहितीपुस्तिकाही पाहायला मिळतात. जगभरच्या राजकीय चळवळींची गाणी प्रकाशित करणारी पॅरेडॉन आणि 1960 मध्ये सुरू झालेली अरहूली या स्वतंत्र कंपन्यांचे संग्रहही पुढे येथेच आले.

आपल्यासाठी

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हांला घराघरांत भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी दिसतात. काहींवरचे नाव पुसले आहे, काहींची फीत चिकटली आहे. गायकाचे नाव कळले तरी गीतकार, कोरसमधल्या बाया, ढोलकीवाला यांची नावे कोणाला आठवत नाहीत. फोकवेजपासून घ्यायचे ते एवढेच : आवाजासोबत माहिती लिहून ठेवा आणि खप पाहून काही फेकू नका. ज्येष्ठ मंडळी हयात आहेत तोवर कॅसेट समोर ठेवून त्यांना विचारावे, कोण गात आहे, कोणी लिहिले, कोठे गायले. एका वहीत तारीख घालून ते उतरवावे. त्याला स्टुडिओ लागत नाही, मोठे भांडवलही लागत नाही. नाव लिहिलेले असेल, तरच उद्या मोबदल्याचा हक्कही मागता येईल.