माळव्याची धून आणि कुमार गंधर्वांची बंदिश

कलेच्या इतिहासात नावीन्याची नोंद करणे सोपे. त्याची कारणमीमांसा करणे मात्र कठीण. एखाद्या कलावंताने रूढ वाट सोडली की रसिकांत दोन तट पडतात. एक तट त्यास परंपराभंजक म्हणतो, दुसरा त्यास अलौकिक प्रतिभेचा पुरुष ठरवितो. ही नवी वस्तू आली कोठून, हा प्रश्न उभय पक्षी मागेच पडतो. पंडित कुमार गंधर्व यांच्या रचनांविषयी नेमके असेच घडले आहे. ख्यालगायक म्हणून त्यांच्याविषयी विपुल लिहिले गेले; वाग्गेयकार म्हणून त्यांच्या प्रेरणांचा आणि त्या रचनांना श्रोत्यांनी दिलेल्या प्रतिसादाचा एकत्रित विचार त्या मानाने थोडा झाला. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. घरची भाषा कानडी. ध्वनिमुद्रिकांवरील थोरामोठ्यांचे गाणे जसेच्या तसे उचलणारा हा बालक पाहता पाहता मैफली गाजवू लागला आणि एका लिंगायत मठाधिपतींनी दिलेली ‘कुमार गंधर्व’ ही पदवीच पुढे त्याचे नाव झाली. मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधर यांच्यापाशी त्यांचे रीतसर शिक्षण झाले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, म्हणजे परंपरेने ग्वाल्हेरचे. परंतु अन्य घराण्यांतील चांगले ते ऐकावे, समजून घ्यावे, ही दृष्टी त्यांनी शिष्यांस दिली. मूळच्या गोमंतकीय अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन कुमारांस लाभले. अनुकरणात अजोड असलेल्या मुलास अनुकरणापलीकडे जाण्याची ओढ लागली, तिचे बीज या शिक्षणात शोधावे लागते.

1947 साली भानुमतीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि 1948 च्या आरंभी क्षयरोगाने ग्रासलेले कुमार कोरड्या हवेसाठी माळव्यात देवास येथे राहावयास आले. गाण्यास वैद्यांची सक्त मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या सुमारास उपलब्ध झाले होते. त्याच्या उपचाराने आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने ते वाचले आणि 1953 साली पुन्हा मैफलीत बसले. मधली पाच वर्षे गळा बंद होता, कान मात्र उघडे होते. टेकडीकडे जाणारे यात्रेकरू, लग्नकार्यात गाणाऱ्या बायका, दारी भिक्षेस येणारे नाथपंथी जोगी यांचे गाणे त्यांच्या कानी पडत राहिले. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी ही माळवी गीते गोळा केली आणि स्वरलिपीत उतरवून त्यांचा अभ्यास केला.

या अभ्यासातून निघालेला सिद्धांत थोडक्यात असा: राग हा धुनेचा विस्तार आहे. चार-पाच स्वरांत फिरणारी ग्रामीण धून ही रागाची अपभ्रष्ट छाया नसून त्याचे मूळ आहे. रागसंगीत तेथून वर आले. हा विचार केवळ मांडून ते थांबले नाहीत. धुनेतील स्वरसंगतींचा मागोवा घेत त्यांनी नवे राग सिद्ध केले आणि त्यांस ‘धुनउगम राग’ असे नाव दिले. संजारी, मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, मघवा, मधसुरजा ही त्यांच्या रागांची काही नावे. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला, तेव्हा या कार्याचा आवाका वाचकांसमोर आला.

रागाइतकेच महत्त्व बंदिशीच्या विषयास आहे. पारंपरिक ख्यालाच्या पदांत सासू-नणंदेचा जाच, पियाचा विरह, देवस्तुती असे ठरीव विषय वारंवार येतात. त्यामुळे शब्दांकडे दुर्लक्ष करण्याची सवय गायकास आणि श्रोत्यासही जडली होती. कुमारांच्या बंदिशींत डोळ्यांसमोरचा माळवा येतो. मधसुरजा या रागातील त्यांची प्रसिद्ध बंदिश बळीसाठी नेल्या जाणाऱ्या बकऱ्याच्या तोंडी घातलेली आहे. माध्यान्हीच्या उन्हात तो जीव देवीची करुणा भाकतो. ख्यालाच्या पदास असा विषय पेलतो, हेच पुष्कळांस नवे होते. ऋतूंवर रचलेले ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ हे कार्यक्रम याच वृत्तीतून निघाले. लोकगीत, ठुमरी आणि ख्याल यांतील भिंत तेथे त्यांनी हेतुपुरस्सर पातळ केली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली त्यांनी गांधी मल्हार हा राग रचला, तोही या वाटेवरचाच.

आता श्रोत्यांकडे वळू. त्यांच्या आक्षेपांचे स्थूलमानाने तीन प्रकार होते. ख्यालाचा विलंबित, क्रमशः विस्तार येथे मिळत नाही, हा पहिला. घराण्याची शिस्त सुटली, हा दुसरा. तिसरा आक्षेप सहानुभूतीच्या वेषात येई: आजाराने फुप्फुस दुबळे झाले, दम पुरत नाही, म्हणून तुकड्यातुकड्यांनी गावे लागते आणि त्यालाच लोक नवी शैली म्हणतात.

या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर देणे अगत्याचे आहे, कारण तो खरा मानल्यास कुमारांचे सारे कर्तृत्व एका व्याधीच्या खाती जमा होते. स्वरवाक्ये आखूड झाली याचा संबंध श्वासाशी असेल, हे मान्य करावे. परंतु वाक्य कोठे तुटावे, मधल्या विरामात श्रोत्याने काय ऐकावे, हे श्वास ठरवीत नाही. ते कलावंत ठरवितो. दुबळ्या फुप्फुसाने माळवी धून ऐकता येते, तिच्यातून राग काढण्याची दृष्टी त्यातून येत नाही. आजाराने त्यांना देवासला आणले, एवढे श्रेय त्यास द्यावे.

पहिल्या दोन आक्षेपांत एक गंमत आहे. ज्या अतिविलंबित लयीच्या तुलनेत कुमारांची लय उतावळी वाटे, ती लय स्वतः फार जुनी नव्हती. देवासपासून जेमतेम दहा कोसांवर इंदूरला उस्ताद अमीर खाँ यांनी त्या लयीस भव्य रूप दिले, तेही विसाव्या शतकात. उलटपक्षी मध्यलयीकडे झुकणारे, बंदिशीचे अंग सांभाळून तिच्या आधारे राग उलगडणारे गाणे हे ग्वाल्हेरचे जुने लक्षण. तेव्हा ज्यास श्रोते बंड समजले, त्यात परतीचा अंश मोठा होता. ग्वाल्हेरच्या गायकीवर पोसलेल्या मराठी समाजास ही खूण लवकर पटावयास हवी होती.

अनुकूल प्रतिसादही कमी नव्हता. ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथाचे कर्ते वामनराव देशपांडे स्वतः जयपूर गायकीत मुरलेले. तथापि कुमारांच्या गाण्याचे मर्म त्यांनी आस्थेने उलगडून दाखविले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा मित्र महाराष्ट्रात होता. इंदुरात राहुल बारपुते, विष्णु चिंचाळकर ही मंडळी होती. साहित्यिक, चित्रकार, संपादक अशा श्रोत्यांस हे संगीत आपलेसे वाटले, याचे कारण त्यांना शब्दांचा आणि आशयाचा विचार सवयीचा होता. भा. रा. तांबे यांच्या कवितेवरील ‘तांबे गीतरजनी’, बालगंधर्वांच्या गायकीचा शोध घेणारा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ आणि कबीरादी संतांची निर्गुणी भजने यांनी तर ख्यालाच्या वाटेस न जाणारा श्रोताही जोडला. 12 जानेवारी 1992 रोजी देवास येथे कुमार निवर्तले, तोवर पूर्वीचे आक्षेप पुष्कळ मावळले होते.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य आपणांस विशेष जवळचे आहे. कानडी मातृभाषेचा, मुंबईत शिकलेला गायक माळव्यात आला, हिंदी-माळवीत बंदिशी रचू लागला, आणि त्याचे विवेचन बहुतांशी मराठीत झाले. तांब्यांची कविता ज्या मातीत रुजली तीच ही माती. मूळ प्रदेशापासून दूर वसलेल्या समाजास आपली परंपरा जपण्याची चिंता असते आणि ती रास्तही आहे. परंतु जपणे म्हणजे पेटीत कुलूपबंद ठेवणे नव्हे. दारावरून जाणाऱ्या अनोळखी भाषेतील गाण्याकडे कान लावल्यानेच एका थोर परंपरेस या आडगावी नवी पालवी फुटली. विद्यार्थ्यांस राग शिकविताना त्याचे आरोह-अवरोह जरूर सांगावेत. त्याबरोबर तो राग कोणत्या अंगणातून आला असेल, हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा.