फैजपूरचे मर्ढेकर: इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवर

१/ फैजपूर म्हटले की डिसेंबर १९३६चे काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. परंतु यावल तालुक्यातील या गावाची आणखी एक ओळख आहे. १ डिसेंबर १९०९ रोजी बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म येथे झाला. मर्ढेकर कवी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. इंग्रजी साहित्याचा हा अभ्यासक तत्त्वज्ञानाच्या दारात कसा पोहोचला आणि त्यातून मराठीला काय मिळाले, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आपल्या विद्यापीठांत इंग्रजीचा विभाग एका इमारतीत, तत्त्वज्ञानाचा दुसऱ्या इमारतीत. ही फाळणी आज स्वाभाविक वाटते. पण एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी ती मानली नव्हती. गोपाळ गणेश आगरकर इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम.ए. झाले आणि त्यांनीच शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये मराठीत आणले. नाटकाचे शीर्षक मनोविकारांवरून ठेवावे, यातच त्यांची तत्त्वचिंतकाची दृष्टी दिसते.

३/ खानदेशालाही तत्त्वज्ञान परके नव्हते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने अमळनेर येथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी तेथे अभ्यासासाठी आले आणि पुढे त्याच गावी शिक्षक झाले. तेथून निघणारे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक देशभरातील अभ्यासक वाचत असत. कापसाच्या मुलखात, विद्यापीठापासून दूर, वेदान्ताची चर्चा इंग्रजीतून चालत होती.

४/ मर्ढेकरांची वाट मात्र वेगळी होती. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९२९ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. परीक्षेत यश आले नाही. पण तेथील साहित्यविचार त्या काळी मुळापासून ढवळून निघत होता. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम १९१७ मध्ये सुरू झाला होता. त्याला वळण देणारे आय. ए. रिचर्ड्‌स मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. टी. एस. एलियट यांनी तर आपला प्रबंध एफ. एच. ब्रॅडली या तत्त्वज्ञावर लिहिला होता.

५/ या मंडळींनी साहित्याच्या अभ्यासाचा प्रश्नच बदलला. कवी कधी जन्मला, कोणाच्या प्रेमात पडला, त्याने कोणता उपदेश केला, ही चौकशी मागे पडली. त्याऐवजी विचारले जाऊ लागले: कविता चांगली आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? प्रश्न साहित्याचा, पण त्याचे उत्तर शोधण्याची हत्यारे तत्त्वज्ञानाची होती.

६/ १९३३ मध्ये मर्ढेकर परतले. काही वर्षे त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. १९३८ मध्ये ते आकाशवाणीत रुजू झाले. ‘आर्ट्‌स अँड मॅन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३७चे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: सौंदर्य विषयात नसते, रचनेत असते. कलाकृतीतील घटकांना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधले की सौंदर्य निर्माण होते. साहित्याचे माध्यम म्हणजे नुसता शब्द नव्हे, तर भावनात्मक अर्थ.

७/ हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. अखेर मर्ढेकर निर्दोष सुटले. कवितेतला एखादा शब्द वेगळा काढून तपासायचा, की संपूर्ण रचनेत त्याचे काम काय हे पाहायचे? सौंदर्यशास्त्रातील हा प्रश्न येथे प्रत्यक्ष एका कवीच्या अब्रूशी येऊन भिडला. सिद्धान्ताची किंमत अशा वेळी कळते.

८/ मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. त्यांच्या भूमिकेची कसून चिकित्सा केली ती रा. भा. पाटणकर यांनी, तेही इंग्रजीचेच प्राध्यापक. ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात त्यांनी दाखवले की आपल्या कलाविचाराला दोन ध्रुव आहेत: एक कलेला जीवनव्यवहारापासून स्वायत्त मानणारा, दुसरा तिला जीवनमूल्यांशी बांधणारा. त्यांपैकी एकच खरा मानला की दुसऱ्या बाजूचे अनुभव निसटतात. मर्ढेकरांचा सिद्धान्त पहिल्या ध्रुवाकडे झुकतो. त्यांची कविता मात्र महायुद्धाने आणि यंत्रयुगाने होरपळलेल्या माणसाबद्दल बोलते.

९/ दुसऱ्या ध्रुवाचा कैवारी शोधायला यावल तालुक्याबाहेर जावे लागत नाही. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये याच तालुक्यातील सांगवी या गावी झाला. त्यांनीही इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, इंग्रजी शिकवले. पण साहित्याचे मोल त्याच्या भूमीपासून, भाषेपासून आणि समाजापासून तोडून ठरवता येत नाही, हे त्यांच्या देशीवादाचे सांगणे. एकाच तालुक्यातील दोन सुपुत्र, दोघेही इंग्रजीचे अभ्यासक, आणि उत्तरे परस्परविरुद्ध!

१०/ म्हणूनच साहित्य आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकणे हा नवा शौक नव्हे. आधुनिक मराठी समीक्षेचा एक मोठा प्रवाह त्याच संगमातून निघाला आहे. नुसते साहित्य वाचणारा आपल्या आवडीलाच निकष समजू लागतो. नुसते तत्त्वज्ञान वाचणारा निकष मांडतो, पण त्याच्यापुढे कसोटीला कविता नसते. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुय्यम विषयाची जोड देण्याची वाट मोकळी केली आहे. खानदेशातील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या इंग्रजीबरोबर तत्त्वज्ञान निवडले आणि घरच्यांनी “याचा उपयोग काय?” असे विचारले, तर त्याने आधी फैजपूर आणि सांगवीची नावे घ्यावीत. मग मर्ढेकर आणि नेमाडे समोरासमोर ठेवून वाचावेत, आणि आपले उत्तर स्वतः शोधावे.