नेसणे आणि घालणे : नऊवारीचा उलटा प्रवास

१/ मार्च-एप्रिलच्या सुमारास पिंपरी किंवा चिंचवडच्या बाजारपेठेतून चक्कर मारली, तर दुकानांच्या दारांत 'शिवलेली नऊवारी भाड्याने मिळेल' अशा पाट्या दिसतात. एक ८ मार्चसाठी, दुसरी गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी. निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेला नाडी, बाजूला चेन. पाय घातले की पाच मिनिटांत 'मराठमोळे सौंदर्य' सिद्ध. माझ्या आजीने अशी नऊवारी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "ही नेसायची न्हाई, घालायची."

२/ आजी १९७२ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातून चिंचवडला आली, ती नऊवारी लुगड्यात. दोन-तीन वर्षांतच ती गोल साडी नेसू लागली. कारण विचारले तर म्हणते, "पोरांच्या शाळेत जायची लाज वाटायची." ज्या वस्त्राची तिला लाज वाटली, त्याच वस्त्रावाचून आज तिच्या नातीचा 'पारंपरिक वेशभूषा दिन' साजरा होत नाही. पन्नास वर्षांत असे काय घडले? मित्रहो, आजचा थ्रेड या एका वस्त्राविषयी आहे. स्त्रीने कसे दिसावे याचे आदर्श कसे बदलतात आणि ते बदलताना त्यांचा भार कोण वाहते, हे या वस्त्रातून स्पष्ट दिसते.

३/ आधी वस्त्राविषयी. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. कासोटा मागे खोचल्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात, आत परकर लागत नाही. शेतात वाकणे, डोक्यावर ओझे घेऊन चढण चढणे, उखळात कांडणे या साऱ्याला सोयीची अशी ही नेसण. तिचे एकच रूप नव्हते. कोळणीचे लुगडे आखूड व घट्ट, शेतकरणीचे गुडघ्याच्या आसपास खोचलेले, ब्राह्मण घरातील स्त्रीचे घोट्यापर्यंत उतरलेले. लुगडे किती खाली येते, सूत किती तलम आहे, काठ किती रुंद आहे, यावरून जात, व्यवसाय आणि ऐपत ओळखली जाई. अंगावरचे वस्त्र हे स्त्रीचे जाहीर ओळखपत्र होते.

४/ हे ओळखपत्र पतीच्या मृत्यूबरोबर बदलले जाई. विशेषतः ब्राह्मण कुटुंबांत विधवेचे केशवपन होई आणि तिला तांबडे आलवण नेसावे लागे. म्हणजे सधवेने सजलेच पाहिजे आणि विधवेने विद्रूप झालेच पाहिजे, अशी दुहेरी सक्ती. सौंदर्याचा दबाव म्हटला की आपल्याला केवळ नटण्याचा दबाव आठवतो; येथे कुरूपतेचाही दंडक होता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचे मुंडण करण्यास नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला.

५/ त्याआधी आठ वर्षे, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. पुरुष इंग्रजी वेश, इंग्रजी खानपान आपखुशीने उचलतात आणि धर्मरक्षणाचे ओझे मात्र बायकांच्या माथी टाकतात, हा त्यांच्या टीकेतील एक प्रमुख रोख होता. तो ध्यानात ठेवावा. त्या काळच्या सुशिक्षित पुरुषाने कोट-पाटलोण चढवली तेव्हा त्याला 'सुधारक' म्हटले गेले. स्त्रीने कासोटा सोडला तेव्हा काय म्हटले गेले, ते आता पाहू.

६/ १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील थंडी कडाक्याची. विचारांती त्यांनी गुजराती पद्धतीची गोल नेसण स्वीकारली. हा निर्णय हवामानाचा होता, हौसेचा नव्हे. पण मराठी समाजात प्रश्न थंडीचा नव्हताच. सोवळ्यात, पूजेत, मंगलकार्यात लुगडे 'सकच्छ' हवे, म्हणजे कासोटा घातलेले हवे, असा दंडक होता. 'विकच्छ' नेसणे म्हणजे धर्म सोडणे. पुढची अनेक वर्षे गोल साडीवर हाच आक्षेप राहिला.

७/ गोल नेसणीचे मूळ मात्र आपल्या शेजारीच होते. मुंबईच्या पारशी आणि गुजराती स्त्रिया तशीच साडी नेसत. पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी ही पद्धत येथे पाहिली, तिच्यात फेरफार केले आणि ती बंगालमध्ये नेली. पुढे देशभरातील शिक्षित स्त्रियांत तिची रूपे पसरली. ज्याला आज आपण सर्रास 'भारतीय साडी' म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वीचे एक नवे मिश्रण आहे.

८/ आता लोणावळा लोकलने थोडे पुढे जाऊ. चिंचवडहून निघालेली गाडी मळवलीला थांबते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना त्या शतकाच्या अखेरीस याच मळवलीला हलला. येथून लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणातील नायिकांची रंगीत चित्रे हजारोंनी छापली गेली व देव्हाऱ्यांत, बैठकीच्या खोल्यांत, दुकानांत पोहोचली. तोवर देवीचे रूप गावागावात निराळे होते. शेंदूर माखलेला तांदळाही देवीच होता. आता देवीला एक ठरावीक चेहरा मिळाला. गौर वर्ण, भरलेले गाल, जरीकाठी साडी, मोजके दागिने. सुंदर स्त्री कशी असते, याचा एकच नमुना अठरापगड घरांच्या भिंतींवर आला.

९/ या नमुन्याला पुढे रंगभूमीवर देह मिळाला, आणि तो देह पुरुषाचा होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७). 'मानापमान' (१९११) मधील भामिनी, 'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणी, 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधू. त्यांचे शालू, त्यांचा पदर, केसांतील फुले, हातातील रुमाल धरण्याची ढब यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांच्या छायाचित्रांवर वस्तूंच्या जाहिराती चालत. कुलीन मराठी स्त्रीने कसे दिसावे, कसे चालावे, कसे लाजावे, याचा धडा एक पुरुष रंगमंचावरून देत होता.

१०/ यात बालगंधर्वांच्या प्रतिभेला उणेपणा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवले तर ती घरंदाज राहत नसे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिकाही अण्णा साळुंके या पुरुषानेच केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, ते धाडसच होते. म्हणजे आदर्श स्त्रीरूप घडवण्याच्या कामात स्त्रीला जागा नव्हती. तिच्याकडे फक्त त्याबरहुकूम दिसण्याचे काम होते.

११/ आपल्या पट्ट्यातील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याआधी बरोबर सत्तावीस वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. त्याच परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले, की लुगडे सवर्ण स्त्रियांप्रमाणे पायांपर्यंत नेसा, आणि गळ्यातील-हातातील जे ओझे अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखले जाते ते उतरवून ठेवा. अनेकींनी तेथेच नेसण बदलली. काही सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना मदत केली.

१२/ हा प्रसंग मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरवर पाहता येथेही 'वरच्यांसारखे दिसा' हाच संदेश आहे. पण लुगडे आखूड ठेवणे ही त्या स्त्रियांची आवड नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली खूण होती. ती पुसण्याचे ठरले ते त्यांच्या सभेत, आणि पुसली ती त्यांच्याच हातांनी. म्हणून रूप बदलले एवढ्यावरून ते दडपण की मुक्ती, हे ठरत नाही. ते कोणी ठरवले आणि नकार देण्याची मुभा होती का, यावरून ठरते. घोट्यापर्यंत आलेले तेच लुगडे एकीसाठी बंधन होते आणि दुसरीसाठी बंड.

१३/ १९३० नंतर पारडे फिरले. मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या, बोलपटांतील नायिका गोल साडीत दिसू लागल्या. 'ब्रह्मचारी' (१९३८) मध्ये मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि गहजब उडाला. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आले, तेव्हा तीन-चार वार वाचणे हाही हिशेब होताच. पण लग्नाच्या बाजारातील पाहणी टळली नाही, तिचे निकष तेवढे वाढले. शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट मांडणारे विभावरी शिरूरकर यांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चे. मुलगी आता शिकलेली हवी, आधुनिक दिसायला हवी, पण फार आधुनिक नको. निंदेपासून सुरू झालेली गोल साडी प्रतिष्ठेला पोहोचली होती.

१४/ तिसरी पायरी सक्तीची, आणि ती आपल्या परिसराने जवळून पाहिली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये नगरपालिका झाली. नगर, सोलापूर, सातारा, मराठवाडा येथून कामगार आले, मागोमाग त्यांच्या बायका आल्या. चाळीत, वसाहतीत, पाण्याच्या रांगेत पहिली पारख साडीवरून होई. नऊवारी म्हणजे गावंढळ, गोल म्हणजे 'कंपनीवाल्याची बायको'. असा कायदा कुणी केला नव्हता. एका शेजारणीने हसणे पुरेसे होते. आजीसारख्या असंख्य स्त्रियांनी कष्टाला सोयीचे वस्त्र सोडून पायांत अडकणारे वस्त्र स्वीकारले, आणि तेच कष्ट त्या वस्त्रात केले.

१५/ आता आजची गोष्ट. माझी आतेबहीण चाकणच्या एका कारखान्यात जुळणीच्या कामावर आहे. या पट्ट्यात आता पूर्णपणे महिलाच चालवतात अशा असेंब्ली लाइनही आहेत. कामावर पँट-शर्ट, सुरक्षा बूट, केस टोपीत. बांगड्या, लोंबते दागिने चालत नाहीत, कारण यंत्रात अडकतात. पायांना मोकळीक देणारा पोशाख मराठी श्रमिक स्त्रीकडे पुन्हा आला, फक्त त्याला नऊवारी म्हणत नाहीत. आणि ८ मार्चला हीच मुलगी भाड्याची शिवलेली नऊवारी, चापाची नथ आणि चंद्रकोर लावून छायाचित्राला उभी राहते. "नाही घातली तर सगळ्या विचारतात, का गं नाही घातली?" असे ती सांगते.

१६/ नऊवारी मिरवण्यात गैर काहीच नाही. आतेबहिणीलाही ती आवडते. खटकते ते वेगळेच. ज्या वस्त्राने स्त्रीला काम करता येत होते, त्याला आपण काम करताना हसलो, आणि ते केवळ दिसण्यापुरते उरले तेव्हा त्याला संस्कृती म्हटले. निंदा, प्रतिष्ठा, सक्ती या पायऱ्या पूर्वी गोल साडी चढली. आता नऊवारी दुसऱ्यांदा चढते आहे. दीडशे वर्षांत नेसण बदलली, पण "का गं नाही घातली?" हे विचारण्याचा लोकांचा हक्क जसाच्या तसा राहिला.

१७/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील जुनी छायाचित्रे काढा. आजी किंवा पणजी कोणत्या वर्षापर्यंत नऊवारीत दिसते आणि कोणत्या छायाचित्रापासून गोल साडीत, ते पाहा. त्या दोन छायाचित्रांच्या मध्ये काय घडले, हे तिला किंवा तिला ओळखणाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. राजांच्या लढायांच्या तारखा बखरींत आहेत. हे उत्तर फक्त आपल्या घरात आहे, आणि ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.