अडीचशे वर्षे जपलेला आनंद

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे स्मरण करतो. वसईच्या मातीत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधू भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपल्याला विशेष प्रिय आहेत. गासच्या चर्चला त्यांचे नाव आहे, वसईच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मरणाची कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. परंतु ज्या भूमीवर त्यांचे रक्त सांडले, त्या भूमीवर पुढे काय घडले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

तो विचारायला हवा. जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथात एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्राचे वाचन ऐकून रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगण्यात येते की, शोक आवरा. परमेश्वराच्या ठायी लाभणारा आनंद हेच तुमचे बळ आहे. आपण मात्र एरवी उलटा हिशेब मांडतो. अंगात बळ असले, घरात सुबत्ता असली, दिवस अनुकूल असले, म्हणजे आनंद आपोआप येईल, असे आपल्याला वाटते. पवित्र शास्त्र म्हणते, आधी आनंद, मग बळ. हे वचन केवळ उपदेशापुरते आहे, की इतिहासाच्या कसोटीवरही ते उतरते? जपानच्या नागासाकी परिसरातील गरीब शेतकरी व कोळी ख्रिस्ती कुटुंबांची कहाणी ह्या प्रश्नाचे उत्तर देते.

वसईचा दुभाषा

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांनी पेरलेले बी झपाट्याने रुजले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली होती, असा अंदाज इतिहासकार देतात.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून ते लोकप्रिय झाले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, परंतु मन त्यात रमले नाही. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला आले आणि सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्यासमोर उभे राहिले. ज्या संघाची आस धरली तेथे दार उघडले नाही म्हणून हा माणूस कडवट झाला नाही, ही गोष्ट त्यांच्या हौतात्म्याइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१५९६च्या अखेरीस एका स्पॅनिश जहाजाच्या अपघाताचे निमित्त होऊन हिदेयोशीचा संशय भडकला. चोवीस जणांना पकडण्यात आले. क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली गेली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंतच्या दीर्घ वाटेवर चालवण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांच्यात सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे होते. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. बारा वर्षांचा लुदोविको त्यांच्यात होता. चौदा वर्षांच्या तोमासने वाटेत आईला लिहिलेल्या पत्रात तिला धीर दिला होता. त्या दिवसाच्या वृत्तांतात असे सांगितले आहे की, गोन्सालो टेकडीवर प्रथम पोहोचले. आपला क्रूस कोणता, असे त्यांनी विचारले आणि तो दाखवताच गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली.

दारे बंद झाली

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले गेले. मागे राहिलेल्यांचा शोध घेऊन त्यांना ठार करण्यात आले. १० सप्टेंबर १६२२ रोजी त्याच निशिझाकावर पन्नासहून अधिक जण एकाच दिवशी हुतात्मे झाले. शेवटचे ज्ञात धर्मगुरू मान्सियो कोनिशी ह्यांना १६४४ मध्ये मरण आले. त्यानंतर जपानमध्ये ना मिस्सा राहिला, ना प्रायश्चित्त संस्कार, ना बिशप. बाहेरचे जग समजले की जपानची ख्रिस्तसभा संपली.

प्रत्यक्षात ती घराघरांत शिरली होती. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदवलेच पाहिजे, असा कायदा होता. म्हणून बाहेरून सारे त्याप्रमाणे वागत. आत मात्र गुप्त व्यवस्था होती. एक जण पंचांग सांभाळी व सणांचे दिवस काढी, दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. हे सारे प्रापंचिक होते. कोणी शेतकरी, कोणी कोळी. प्रार्थना कागदावर ठेवणे धोक्याचे, म्हणून आईवडील मुलांना त्या पाठ करून देत. त्यांतले लॅटिन व पोर्तुगीज शब्द पुढच्या पिढ्यांना समजेनासे झाले, तरी ते उच्चारले जात राहिले. कुशीत बाळ असलेल्या कान्नोन देवीची पांढरी मूर्ती पाहून अधिकारी निश्चिंत होत. घरच्या माणसांना तिच्यात पवित्र मरिया दिसे.

पायाखालचे चित्र

ह्या कहाणीतील सर्वांत दुखरी जागा आता सांगायला हवी. ख्रिस्ती लोक हुडकून काढण्यासाठी अधिकाऱ्यांनी एक उपाय योजला होता. प्रभू येशूचे अथवा मरियामातेचे चित्र जमिनीवर ठेवून प्रत्येकाला त्यावर पाय ठेवायला लावीत. नागासाकी परिसरात हा विधी नववर्षाच्या दिवसांत दरसाल होई. जो नकार देईल त्याच्या वाट्याला छळ वा मरण येई. पाय ठेवण्यास नकार देऊन अनेकांनी प्राण दिले. परंतु जे गुप्तपणे टिकून राहिले, त्यांतील बहुतेकांनी वर्षानुवर्षे त्या चित्रावर पाय ठेवला होता.

आपण त्यांचा न्याय करावा का? घरी परतल्यावर ते काय करीत हे पाहिले की आपली जीभ अडखळते. १६०३ साली, अजून धर्मगुरू होते तेव्हा, परिपूर्ण पश्चात्तापाविषयी एक पुस्तिका तयार करण्यात आली होती. धर्मगुरू मिळणे शक्य नसेल, तर देवावरील प्रीतीमुळे मनापासून केलेल्या अनुतापाने, पुढे पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह, क्षमा लाभते, ही ख्रिस्तसभेची शिकवण तिच्यात होती. ती पुस्तिका व तिच्यातील प्रार्थना ह्या लोकांनी प्राणपणाने जपली. पोर्तुगीज शब्दावरून तिला ते 'कोन्चिरिसान' म्हणत. चित्रावर पाय ठेवलेला माणूस घरी येऊन रडत ही प्रार्थना म्हणे आणि पुन्हा उभा राहण्याचे बळ मिळवी.

मला वाटते, टिकणाऱ्या आनंदाचे मर्म येथे आहे. हा आनंद केवळ निधड्या छातीच्या वीरांचा नव्हता. आपण पडलो, हे ज्यांना पुरते ठाऊक होते, अशा माणसांचा तो आनंद होता. परंतु ज्याच्याकडे परत जायचे तो आपल्याला लोटून देणार नाही, हेही त्यांना तितकेच ठाऊक होते. आपल्या पराक्रमावर उभारलेला आनंद पहिल्या पराभवात कोसळतो. देवाच्या दयेवर उभारलेला आनंद अश्रूंतून पुन्हा पुन्हा वर येतो. जपानी हुतात्म्यांनी श्रद्धा सिंचली, हे खरे. पण ती अडीचशे वर्षे वाहून नेली ती ह्या दुबळ्या, पश्चात्तापी माणसांनी.

त्यांना आशेचाही आधार होता. बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने मरणापूर्वी सांगून ठेवले होते की, सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू काळ्या जहाजांतून येतील, अशी परंपरा त्यांच्यात चालत आली होती. त्याच्याच नावाच्या पंचांगावरून ते सण पाळीत.

१७ मार्च १८६५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जपानची बंदरे परदेशीयांना खुली झाली. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले. पुढे पॅरिसच्या मिशनरी संघाने नागासाकीच्या ओउरा भागात परदेशीयांसाठी चर्च बांधले. १९ फेब्रुवारी १८६५ रोजी ते ह्याच सव्वीस जणांना समर्पित झाले. ह्याचाच अर्थ, आपल्या वसईच्या सुपुत्रालाही. त्याचे दर्शनी तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेला आहे.

महिनाभरात, १७ मार्चच्या शुक्रवारी, उराकामी गावचे बारा-पंधरा लोक दाराशी आले. फादर बेर्नार पेतिजाँ आत गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. एक स्त्री जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की, आमची आणि तुमची हृदये एकच आहेत. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बाळ येशूला घेतलेल्या मातेच्या मूर्तीपुढे नेताच ते सारे हर्षभरित झाले. त्यांनी सांगितले की, आम्ही नाताळ पाळतो आणि सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. हिशेब अचूक होता! दोन शतके ज्यांना धर्मगुरू भेटला नव्हता, त्यांनी उपवासकाळाचा एक दिवसही चुकवला नव्हता. पुढील महिन्यांत इतर गावांतूनही लोक आले. रोमच्या महान प्रमुखाचे नाव काय आणि तुम्ही अविवाहित आहात का, अशी विचारणा करून त्यांनी धर्मगुरूंची ओळख पटवून घेतली.

सर्वच गुप्त ख्रिस्ती पुढे ख्रिस्तसभेत परतले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. वाडवडिलांची रीत जशीच्या तशी चालवावी, असे अनेकांना वाटले. त्यांच्याविषयीही आपल्या मनात आदरच असावा.

'प्रवास' आणि परतणे

आनंदाची किंमत लगेच द्यावी लागली. बंदी अजून उठली नव्हती. मृतांचा अंत्यविधी बौद्ध मंदिराकडून करून घेण्यास उराकामीकरांनी नकार दिला आणि जुलै १८६७ मध्ये अटकसत्र सुरू झाले. पुढे नव्या मेजी सरकारने तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना, म्हणजे जवळजवळ सबंध गावाला, देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार केले. भूक, थंडी व छळ ह्यांनी सहाशेहून अधिक जण मरण पावले. त्सुवानो येथे युजिरो नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचा अनन्वित छळ झाला. मरताना त्याने बहिणीला सांगितले की, छपरावर चिमणी पिलाला भरवताना दिसली आणि देव आपली ह्याहून अधिक काळजी घेतो, ह्या विचाराने धीर आला. काहींनी छळापुढे मान तुकवली. त्यांतील पुष्कळ जण परतल्यावर पुन्हा चर्चला मिळाले. १८७३ साली, परदेशांतून आलेल्या दबावामुळे, बंदी उठली. ह्या हद्दपारीला उराकामीचे लोक नुसते 'प्रवास' म्हणतात. यातनांना एवढे साधे नाव देणारी मने किती मोकळी असतील!

गावी परतल्यावर ह्या कफल्लक लोकांनी काय करावे? जेथे त्यांना दरसाल चित्रावर पाय ठेवावा लागे, ती गावप्रमुखाच्या वाड्याची जागा त्यांनी विकत घेतली. १८९५ साली तेथे मोठ्या चर्चचे काम सुरू केले. ते १९१४ मध्ये पुरे झाले. लज्जेच्या जागी वेदी उभी राहिली.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी त्या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी आत पापनिवेदन चालू होते. बारा हजारांच्या आसपास असलेल्या धर्मग्रामस्थांपैकी सुमारे साडेआठ हजार मरण पावले. एवढ्या संहाराला देवाची योजना म्हणण्याचे धाडस आपण करू नये. ते माणसाचे पाप होते. मात्र वाचलेल्यांनी काय केले, हे सांगता येते. त्यांनी ढिगाऱ्यातून एक घंटा उकरून काढली आणि त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला ती वाजवली. नवे चर्च १९५९ साली उभे राहिले. २०१८ साली गुप्त ख्रिस्ती स्थळांची जागतिक वारशात नोंद झाली.

आपल्यासाठी

आपल्याला कोणी चित्रावर पाय ठेवायला लावीत नाही. रविवारी मिस्सा आहे, पापनिवेदनासाठी धर्मगुरू आहेत, हातात मराठी बायबल आहे. तरीही आपल्या घरांत उदासी आहे. व्यसनाने, कर्जाने, जमिनीच्या वादाने, दूर गेलेल्या मुलांमुळे मने खचतात. अशा वेळी मला उराकामीच्या त्या आया आठवतात. त्यांच्यापाशी तीनच गोष्टी होत्या: मुलांना पाठ करून दिलेली प्रार्थना, पडल्यावर परत फिरवणारा पश्चात्ताप आणि सात पिढ्या धीर धरणारी आशा. ह्या तिन्ही गोष्टी आपल्या घरात आजही शक्य आहेत. संध्याकाळची जपमाळ बंद पडली असेल तर ती सुरू करता येईल. ज्याच्याशी बोलणे टाकले त्याच्याशी पुन्हा बोलता येईल. वर्षानुवर्षे टाळलेले पापनिवेदन ह्या आठवड्यात करता येईल.

संत पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करण्याचा आग्रह केला, तो कारागृहातून. उराकामीच्या लोकांनी तो पाळला. पुढल्या फेब्रुवारीत संत गोन्सालोपुढे मेणबत्ती लावताना, त्यांच्या क्रुसाच्या सावलीत वाढलेल्या ह्या भावंडांचेही स्मरण आपण करूया. त्यांची आणि आपली हृदये एकच आहेत.